गावातल्या मुलांच्या उन्हाळी निसर्ग शिबिरासाठी पैसे कसे उभे करायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होळी झाली की आमचे फोन सुरू होतात. ‘यंदा आमच्याही गावात शिबिर घ्यायचंय, पैशांचं कसं करता?’ नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरी तालुक्यांतल्या पाड्यांवर आम्ही काही वर्षं मे महिन्यात मुलांची निसर्ग शिबिरं घेतोय. विचारणारे कधी शिक्षक असतात, कधी नाशिकला नोकरीला आलेली त्याच पाड्यांवरची मुलं, कधी कॉलेजातले गट. प्रश्न मात्र फिरून तेच येतात, म्हणून उत्तरं एकदा बसून लिहून काढली. कायद्याचं जे लिहिलंय ते कामापुरतं आहे. तुमच्या संस्थेच्या कागदपत्रांसाठी सीएला विचाराच.

१. निसर्ग शिबिर म्हणजे नेमकं काय? देणगीदाराला थोडक्यात कसं सांगू?

आम्ही असं सांगतो: ‘५ दिवस, सकाळी ७ ते ११.३०, तिसरी ते आठवीची ४० मुलं आणि त्यांच्याच गावचं रान.’ मुलं ओढ्याच्या कडेनं चालतात, झाडं ओळखतात, पक्षी ऐकतात, विहिरीचं पाणी मोजतात, गावाचा नकाशा काढतात, एकत्र जेवतात आणि घरी जातात. मुक्काम नाही, सहल नाही. पहिल्यांदा करणाऱ्यांनी मुक्कामी शिबिराच्या फंदात पडू नये. खर्च दुप्पट होतो आणि रात्रीची जबाबदारी फार मोठी असते.

२. ही मुलं तर जंगलातच वाढतात. त्यांना निसर्ग काय शिकवणार?

हा प्रश्न शहरातला जवळपास प्रत्येक देणगीदार विचारतो, आणि तो रास्त आहे. याचं उत्तर तुमच्यापाशी पक्कं नसेल तर पैसे मागायला जाऊच नका.

सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावर पाणी बघायला निघालो होतो. विहीर एप्रिलमध्येच आटलेली. सातवीतली एक मुलगी आम्हाला नदीच्या कोरड्या पात्रात घेऊन गेली. तिथे वाळूत हातभर खोल झिरा उकरलेला. ती उकिडवी बसली, वाटीनं पहिलं पाणी उपसून बाजूला टाकलं आणि थांबली. ‘पहिलं गढूळ असतं. आता घाई नाही करायची, नाहीतर कडा ढासळते.’ एक हंडा भरायला किती वेळ लागतो, असं विचारलं तर तिनं समोर बोट दाखवलं. हंडा भरेस्तोवर ऊन सादड्याच्या शेंड्यावरून बुंध्यापर्यंत उतरतं, म्हणाली. आमच्यापैकी एकालाही हे ठाऊक नव्हतं.

त्या शिबिरात मुलांनी नदीतल्या सगळ्या झिऱ्यांचा नकाशा काढला. कुठला कधी आटतो, कुठला पावसापर्यंत टिकतो, हे घरोघरी विचारून लिहिलं. तो कागद शाळेच्या भिंतीवर लागला, तेव्हा गावानं तो थांबून वाचला. आपल्या आईला जे माहीत आहे ते लिहून ठेवण्याजोगं आहे, हे मुलांना तिथे उमगलं. शिबिर त्यासाठी असतं. परिसर अभ्यासाच्या पुस्तकातला जलचक्राचा धडा आणि हा झिरा एकच आहेत, हे दाखवून देणारं कुणी तरी लागतं.

दुसरंही एक कारण आहे. सुट्टीत शाळेतला पोषण आहार साधारणपणे बंद असतो. आईवडील रोजगाराला गेलेले असतात. अशा दिवसांत सकाळचा नाश्ता आणि दुपारचं पोटभर जेवण ही साधी गोष्ट राहत नाही.

३. खर्च किती येतो?

४० मुलं, ५ दिवस, मुक्काम नाही, असं धरून मांडणी करू. गावागणिक आकडे हलतील, पण खाती हीच राहतील.

नाश्ता आणि जेवण मिळून एका मुलाचे दिवसाला ७० रुपये, म्हणजे १४,००० रुपये. स्वयंपाक करणाऱ्या बचत गटातल्या दोघी ताईंचं मानधन रोज प्रत्येकी ५०० प्रमाणे ५,०००. गावातले दोन जाणकार, रोज प्रत्येकी ४०० प्रमाणे ४,०००. वह्या, रंग, भिंग, मोजपट्टी, कार्डशीट असं साहित्य मुलामागे १२० धरून ४,८००. नाशिकहून कार्यकर्ते आणि सामान नेण्या-आणण्याच्या गाडीला ८,०००. प्रथमोपचार, पिण्याचं पाणी आणि तातडीच्या गाडीची सोय ३,०००. छपाई, पावत्या, हिशेब १,७००. बेरीज ४०,५०० होते. त्यावर अडीअडचणीला दहा टक्के, म्हणजे ४,०५०. एकूण ४४,५५० रुपये. मुलामागे साधारण १,११५ रुपये पडतात.

अडीअडचणीचे दहा टक्के लपवून दुसऱ्या खात्यात घालू नका, उघड दाखवा. देणगीदार त्यावर रागावत नाहीत. रागावतात ते ‘इतर खर्च’ असं मोघम लिहिल्यावर. आणि एका मुलाचा खर्च काढून ठेवाच. ‘४५ हजार हवेत’ हे ऐकून माणूस विचारात पडतो. ‘११०० रुपयांत एका मुलाचे ५ दिवस होतात’ म्हटलं की तो लगेच दोन मुलांचे देतो.

४. गावाकडून काही घ्यावं का? त्यांच्याकडेच नाही, तर मागणार काय?

घ्यावं, आणि सगळ्यात आधी घ्यावं. आमच्याकडे हा नियमच आहे: गावाचा वाटा ठरल्याशिवाय शहरात पावतीपुस्तक उघडायचं नाही.

हा वाटा पैशांत नसतो. कुणी चुलीसाठी लाकूडफाटा देतं, कुणी घरटी ओंजळभर तांदूळ, कुणी नागलीचं पीठ. कुणाची पडवी मिळते, कुणी पाण्याचा बैलगाडा आणतं. एका पाड्यावर मुलांसाठी पाटीभर करवंदं रोज कोण आणणार, याची वाडीवार पाळीच लागली होती. हे सगळं वहीत लिहायचं, बाजारभावानं अंदाजे किंमत मांडायची आणि देणगीदाराला दाखवायच्या ताळेबंदात पहिल्या ओळीत ‘गावाचा वाटा’ म्हणून घालायची. यानं दोन गोष्टी होतात. गाव शिबिराला ‘आपलं’ म्हणतं, आणि नाशिकचा माणूस ज्यांनी आपला वाटा आधीच दिलाय त्यांच्या बरोबरीनं पैसे देतो. मदत खाली टाकल्यासारखी होत नाही.

पेसा गावांना, म्हणजे आदिवासी ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्याखालच्या गावांना, शासनाकडून अबंध निधी येतो, त्यातून मागावं का, असंही विचारतात. तो कसा वापरायचा हे ग्रामसभेनं ठरवायचं असतं. ग्रामसभेनं आपणहून शिबिराचं नाव घेतलं तर उत्तम. बाहेरच्या माणसानं तो विषय काढू नये, असं आमचं मत आहे.

५. पैशांची जमवाजमव कधी सुरू करावी?

दिवाळीनंतर. मार्चमध्ये जागे झालात तर मे हातचा गेला.

नाशिकला पैशांचेही हंगाम आहेत. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षांची काढणी जानेवारी ते मार्च चालते, म्हणजे बागायतदाराच्या हातात पैसा येतो तो त्याच सुमाराला. कांदा उत्पादकाकडे मात्र भाव पडलेले असताना जाऊ नका, तो नाही म्हणायला संकोचतो. करसवलतीसाठी देणगी देणारे नोकरदार ३१ मार्चच्या आत देतात. कंपन्यांचं वेळापत्रक वेगळं असतं, त्याबद्दल प्रश्न १० पाहा.

शिबिराची तारीख गावाला विचारूनच ठरवा. एप्रिल-मेमध्ये राब भाजायची, म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळायची कामं असतात. लग्नसराई असते. बागलाण-मालेगाव भागात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला मुली माहेरी येतात, त्या आठवड्यात शिबिराला कोणी फिरकणार नाही. बागांत कामाला गेलेली कुटुंबं परत कधी येतात, हेही विचारून घ्या. सगळ्यात गरजू मुलं तीच असतात.

६. नाशिकमध्ये आमची कोणाशीच ओळख नाही. जायचं कोणाकडे?

श्रीमंतांची यादी करत बसू नका. तुमच्या गावाशी ज्यांचं आधीपासून नातं आहे, पण ते त्यांच्या ध्यानात नाही, अशांची यादी करा.

पहिले द्राक्ष बागायतदार. सुरगाणा, पेठकडची माणसं छाटणीला, विरळणीला, काढणीला वर्षानुवर्षं त्यांच्याच बागांत येतात. मालक मजुरांना नावानं ओळखतो, पण त्यांची पोरं कुठल्या शाळेत जातात हे त्यानं कधी विचारलेलं नसतं. टोळीच्या मुकादमाला सोबत घेऊन बागेवर जा. ‘ही तुमच्याकडे येणाऱ्या अमक्यांच्या गावची मुलं’ एवढं बोललात तरी पुढचं बोलणं सोपं होतं. आमच्या अनुभवात सर्वांत भरवशाचे देणगीदार हेच आहेत. पैसे देतात, वर द्राक्षांच्या पेट्या पाठवतात.

दुसरे खुद्द नाशिककर. शहराच्या नळाला गंगापूर धरणाचं पाणी येतं आणि गोदावरी उगम पावते त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या गावात शिबिर असेल तर सोसायटीच्या बैठकीत हे जरूर मांडा: तुमच्या पाणलोटात राहणाऱ्या मुलांसाठी हे शिबिर आहे. पेठ-सुरगाण्याबद्दल मात्र असं बोलू नका. तिथलं बरंचसं पाणी नार, पार, दमणगंगेच्या खोऱ्यांतून पश्चिमेला गुजरातकडे जातं. तिथलं दुखणं वेगळं आहे. पाऊस धो धो पडतो, पण उतार तीव्र, मातीचा थर पातळ, खाली काळा कातळ, म्हणून पाणी थांबत नाही आणि मार्चपासून हंडे निघतात. खोटा धागा जोडलात तर जाणकार माणूस तिथल्या तिथे पकडतो.

मग तुमच्या गावातून शहरात आलेली माणसं. पोलीस, शिक्षक, नर्स, एमआयडीसीतले कामगार. रक्कम लहान असते, पण दरवर्षी येते. रोटरी, लायन्ससारखे क्लब, जिममधले आणि सकाळी फिरायला येणाऱ्यांचे गट, वाढदिवसाला खर्च टाळून देणारे पालक, हे सगळे यानंतर.

७. आमची संस्था नोंदणीकृत नाही. वर्गणी काढता येईल का?

सरळ पावत्या फाडायला सुरुवात करू नका. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१क प्रमाणे, नोंदणीकृत न्यास नसलेल्यांना धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे असतील तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते. गणेशोत्सव मंडळं दरवर्षी घेतात तीच ही. नाशिकला हे कार्यालय आहे. नंतर जमाखर्चही द्यावा लागतो.

सोपा मार्ग म्हणजे एखाद्या नोंदणीकृत संस्थेबरोबर शिबिर घेणं. पैसे तिच्या खात्यात, पावती तिची, काम तुमचं. पण कोण काय करणार, किती रक्कम कधी मिळणार, हिशेब कोण ठेवणार, हे एका कागदावर लिहून दोन्हीकडच्या सह्या घ्या. मैत्री कितीही जुनी असली तरी घ्या. चार मित्रांनी आपल्याच खिशातून पैसे घालून शिबिर केलं, कोणाकडे मागितलंच नाही, तर अर्थातच परवानगीचा प्रश्न येत नाही.

८. ‘ऐंशी-जी आहे का?’ असं विचारल्यावर काय सांगायचं?

ऐंशी-जी म्हणजे देणगीदाराला प्राप्तिकरात सवलत मिळवून देणारी मंजुरी. तुमच्या, किंवा जिच्या नावे पैसे घेताय त्या संस्थेकडे ती असेल तरच ‘आहे’ म्हणायचं. बहुतेक संस्थांना दिलेल्या देणगीच्या ५० टक्के रक्कम देणगीदाराच्या करपात्र उत्पन्नातून वजा होते, उत्पन्नाशी निगडित मर्यादेत. इथे तीन ठिकाणी लोक हमखास अडकतात. २,००० रुपयांवरची रोख देणगी सवलतीला पात्र नाही. वस्तूंच्या देणगीला सवलत नाही. आणि नव्या करप्रणालीत विवरणपत्र भरणाऱ्याला ही वजावट मिळत नाही, हे त्याला आधीच सांगा.

संस्थेनं वर्षभरातल्या देणग्यांचं विवरणपत्र, आजवर ज्याला फॉर्म १०बीडी म्हणत आलो ते, ३१ मेपर्यंत भरायचं असतं. त्यातून निघणारं प्रमाणपत्र मिळालं तरच देणगीदाराला सवलत मागता येते. ३१ मे म्हणजे ऐन शिबिरांचा मोसम. एप्रिलमध्येच हे काम उरकून घ्या. २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदललेत, तेव्हा पावतीवर काय छापायचं ते सीएकडून तपासून घ्या.

नाव-पत्ता न लिहिता घेतलेल्या देणग्या ठराविक मर्यादेपुढे गेल्या तर संस्थेला त्यावर ३० टक्के कर बसतो. त्यामुळे ‘नाव नको लिहू’ म्हणणाऱ्यालाही विनंती करा: बाहेर सांगणार नाही, पण वहीत लिहावं लागेल.

९. क्यूआर कोड एखाद्या कार्यकर्त्याच्या खात्याचा चालेल का?

नाही. आम्ही पहिल्या वर्षी हेच केलं होतं. एका कार्यकर्तीच्या मोबाइलवर पैसे घेतले. त्याच खात्यात तिचा पगार यायचा, किराण्याचे पैसे जायचे. शिबिर संपल्यावर कुठले ५०० देणगीचे आणि कुठले मैत्रिणीनं परत केलेले, हे लावताना तिच्या तीन आठवड्यांच्या संध्याकाळी गेल्या. एक रुपयाही इकडचा तिकडे झाला नव्हता. तरी गावातल्या एकानं शंका घेतली आणि ती मनाला लागून तिनं पुढच्या वर्षी कामच सोडलं. चांगलं माणूस आमच्या ढिलाईमुळे गेलं, याचं आजही वाईट वाटतं.

संस्थेच्या नावाचं खातं, त्याच खात्याचा क्यूआर, दोघांच्या सह्या आणि त्याच दिवशी पावती. रोख घेतलीत तर दुसऱ्या दिवशी बँकेत भरा.

१०. कंपनीचा सीएसआर मिळेल का?

मिळू शकतो, पण पहिल्या वर्षी त्यावर विसंबू नका.

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार आदल्या वर्षी ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी यांपैकी एक मर्यादा गाठतो, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते. सातपूर, अंबड, सिन्नर, दिंडोरीच्या एमआयडीसींत अशा कंपन्या आहेत आणि आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असं कायदाच सांगतो. पण संस्थेकडे १२ए (संस्थेच्या स्वतःच्या करमाफीची) आणि ८०जी नोंदणी, साधारण तीन वर्षांचं काम आणि सीएसआरचे पैसे घेण्यासाठीची सीएसआर-१ ही नोंदणी लागते. सीएसआर-१ ची अट १ एप्रिल २०२१ पासून आहे.

खरी अडचण पुढे येते. एकदाच होऊन जाणारा कार्यक्रम सीएसआरमध्ये बसत नाही, असं केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयानं स्पष्ट केलेलं आहे. ‘५ दिवसांचं शिबिर’ असा अर्ज केलात तर तो तिथेच पडून राहील. जूनमध्ये रोपवाटिका, पावसाळ्यात पाऊस मोजणं, हिवाळ्यात पक्षी नोंदी आणि मेमध्ये शिबिर, असा वर्षाचा उपक्रम मांडा. मुलांच्या दृष्टीनंही तेच बरं. कंपन्या वर्षाचं नियोजन एप्रिल ते जूनमध्ये करतात, म्हणून येत्या मेसाठी आदल्या मेमध्ये अर्ज गेलेला असावा.

११. माझा भाऊ परदेशात आहे, तो पैसे पाठवतो म्हणतो. घेऊ का?

तो राहतो कुठे यापेक्षा त्याचं नागरिकत्व कुठलं, हे बघा. भारतीय पासपोर्ट असलेला भाऊ दुबईत नोकरी करून स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल, तर ती विदेशी देणगी धरली जात नाही. पासपोर्टची प्रत फाइलला लावा. पण त्यानं अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरीही, ते पैसे विदेशी देणगी ठरतात. त्यासाठी संस्थेला विदेशी देणगीच्या कायद्याखालची, म्हणजे एफसीआरए नोंदणी हवी आणि पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठराविक खात्यातच यावे लागतात. नोंदणी नसेल तर प्रेमानं नकार द्या. भावानं इथल्या आईला पैसे पाठवायचे आणि आईनं तुम्हाला द्यायचे, ही पळवाट तर मुळीच नको.

१२. लोक पैशांऐवजी जुने कपडे, बिस्किटं, वह्या देतो म्हणतात.

लागणाऱ्या वस्तूंची यादी आधीच हातात ठेवा आणि तीच पुढे करा: दुर्बिणी, भिंगं, कोऱ्या वह्या, रंगखडू, स्टीलची ताटं, पाण्याची टाकी. जुने कपडे घेऊ नका. मुलं निसर्ग शिबिराला आलेली असतात, तिथे कपड्यांचं गाठोडं सोडलं की शिबिराचा नूर बदलतो. बिस्किटांचं पाकीटही नको. त्याचं वेष्टण ओढ्यात जातं आणि आदल्या दिवशी कचऱ्याबद्दल बोललेलं वाया जातं.

१३. आवाहन कसं लिहावं?

आमच्या सगळ्या कामात सर्वांत जास्त खल होतो तो यावर.

पहिल्यांदा आम्ही लिहिलं होतं, ‘दुर्गम, मागास भागातल्या वंचित मुलांना निसर्गाचं ज्ञान देण्यासाठी…’ शिबिराच्या आधी पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर ते वाचून दाखवलं. आंब्याखाली बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी शांतपणे विचारलं, ‘मागास म्हणजे कोणाच्या मागे?’ आमच्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून आवाहन शहरात जायच्या आधी गावात वाचून दाखवायचं, हा रिवाज पाडला. जे वाक्य मुलांच्या आईबापांसमोर मोठ्यानं वाचताना जीभ अडखळते, ते खोडायचं.

मग राहतं काय? जे खरं आहे ते. किती मुलं, कुठला पाडा, ५ दिवसांत काय करणार, गावानं काय दिलं, किती कमी पडतंय, पैसे कुठे जातील. मुलांना काय येतं याचं एखादं उदाहरण, जसं प्रश्न २ मधल्या झिऱ्याचं. दया येईल असं लिहिलं तर एकदा पैसे मिळतात. पुढच्या वर्षी त्याच माणसाला आणखी दया आणावी लागते, आणि त्यासाठी गाव आणखी दीन दाखवावं लागतं. या रस्त्याला लागूच नका.

१४. देणगीदारांना मुलांचे फोटो हवे असतात. बॅनरवर नावही हवं असतं.

फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय नाही. चेहऱ्यासोबत नाव आणि गाव एकत्र कधीच नाही. मुलानं चेक हातात धरलेला फोटो तर नाहीच. त्याऐवजी मुलांनी काढलेले नकाशे, पानांचे ठसे, त्यांच्या अक्षरातलं एक पान पाठवा. आमच्याकडे दरवर्षी पैसे देणारे कित्येक जण सांगतात, ते पान अजून जपून ठेवलंय.

आभार म्हणून नाव लिहायला हरकत नाही. मात्र नावाबरोबर कंपनीच्या मालाची जाहिरात आली तर ती देणगी राहत नाही, प्रायोजकत्व होतं आणि जीएसटीचा विषय निघतो. गुटखा, दारू यांच्याशी जोडलेलं नाव शिबिरात नको, रक्कम कितीही असो.

१५. परवानग्या कोणकोणत्या लागतात?

देणगीदार विचारण्याआधी फाइल तयार ठेवा. शाळेची खोली वापरायची तर मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती. आश्रमशाळा असेल तर आदिवासी विकासचं प्रकल्प कार्यालय, आपल्याकडे ती नाशिक आणि कळवणला आहेत. ग्रामपंचायतीचं पत्र. राखीव वनात किंवा बोरगड, नांदूर मध्यमेश्वरसारख्या संरक्षित ठिकाणी जायचं असेल तर वन विभाग. प्रत्येक पालकाचं संमतीपत्र.

१६. साप, ऊन, अपघात, यासाठी वेगळे पैसे धरावेत का?

धरावेतच, आणि या खात्याला कधी कात्री लावू नये. शिबिर ठरलं की जवळच्या ग्रामीण रुग्णालयात स्वतः जाऊन सर्पदंशावरचं प्रतिविष (अँटी-व्हेनम) शिल्लक आहे का ते विचारा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही विषारी साप आपल्याकडे आहेत. दंश झालाच तर आवळपट्टी नाही, चिरा नाही, मांत्रिक नाही. हात-पाय न हलवता थेट रुग्णालय. १०८ ला फोन कराच, पण पाड्यावर रेंज आणि रस्ता दोन्हींचा भरवसा नसतो, म्हणून एक गाडी चालकासह शिबिराच्या जागी उभी हवी. प्रश्न ३ मधले ३,००० रुपये यासाठी आहेत. पाचही दिवस शिबिरातले किमान दोन मोठे मुलांच्या सोबत असावेत आणि त्यांत एक बाई हवीच. ११.३० नंतर उन्हात कोणीही नाही.

१७. २०२७ च्या सिंहस्थाच्या गर्दीत दानपेटी ठेवली तर?

आम्ही ठेवणार नाही. गर्दीत पेटीत पडलेल्या पैशांचा दाता कोण ते कळत नाही, पावती होत नाही, आणि प्रश्न ८ मधली निनावी देणगीची अडचण उभी राहते.

१८. पैसे उरले तर काय करायचं?

ज्यासाठी मागितले त्यालाच वापरायचे. देणगीदारांना कळवा: इतके उरलेत, पुढच्या मेच्या शिबिराला ठेवतोय, हरकत असेल तर सांगा. शाळेला पंखा घ्यायची, रस्त्याला फलक लावायची इच्छा कितीही चांगली असली तरी परस्पर करू नका. हिशेब जूनमध्ये, पहिल्या पावसाच्या आत, गावात मोठ्यानं वाचा आणि तोच कागद शहरात पाठवा. दोन हिशेब कधी करायचे नाहीत.

१९. आणि कमी पडले तर आधी काय कापायचं?

आधी बॅनर, टी-शर्ट, टोप्या, उद्घाटन, पाहुण्यांचा सत्कार. मग छापील साहित्य. पान, माती, कोळसा आणि शाळेतली पाठकोरी कागदं यांत खूप काही होतं. मग गाडीच्या फेऱ्या, म्हणजे कार्यकर्त्यांनी पाचही दिवस गावातच राहायचं. तरीही जमलं नाही तर ५ दिवसांचे ३ करा. मुलं कमी करू नका. एका पाड्यावरची ४० मुलं आली आणि त्यातली २० परत पाठवली, हे गाव विसरत नाही.

जेवण, प्रथमोपचार आणि गावातल्या जाणकारांचं मानधन, या तिन्हींना हात लावायचा नाही. मानधनाबद्दल कार्यकर्ते हमखास म्हणतात, ‘आजी गावच्याच आहेत, त्या काही मागत नाहीत.’ मागत नाहीत हे खरं. पण नाशिकहून आलेल्या पक्षी अभ्यासकाला आपण पाकीट देतो, आणि पावशाची हाक ऐकून पेरणी किती दिवसांवर आली ते सांगणाऱ्या आजींना नुसता नारळ, हे मुलं बघत असतात. आम्ही आजींचं मानधन शेवटच्या दिवशी मुलांच्या हातूनच देतो, पावतीवर त्यांचा अंगठा घेऊन.